नानांनी विकलेलं आमचं घर

परवा पारोळ्याला एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारी बसलेल्या मावसभावानं सहज विचारलं, "काय रे, जळगावचं घर विकलं म्हणे?" मी 'हो' म्हणालो आणि सांगायला लागलो. सांगता सांगता ताटातली बट्टी थंड झाली, वरणावर साय धरली, वाढपी येऊन येऊन कंटाळला. वर समोरच्या रांगेतले दोन अनोळखी गृहस्थ खुर्च्या ओढून जवळ येऊन बसले. "हं, मग? पुढे काय झालं?"

धुळ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. रोज माणसं समोर बसतात, भिंतीवरची अक्षरं वाचतात, गप्पा मारतात. तरी दुसऱ्याला सांगावं असं वर्षाकाठी एखादं घडलं तर घडतं. आणि इथे एक घर विकायला काढलं, तर पावसाळा संपायच्या आत पोतंभर किस्से जमले! ते सगळे मी जमवले असंही नाही. आमचे एजंट नाना जिथे जातील तिथे ते आपोआप घडायचे. मी फक्त मालक म्हणून हजर होतो.

घर म्हणजे जळगावला मेहरूणमध्ये, तलावाच्या बाजूला, एक छोटंसं रो-हाऊस. मुलगी लहान असताना गुंतवणूक म्हणून घेतलेलं. कायम भाड्यानं दिलेलं. शेवटचा भाडेकरू बदली होऊन गेला, घर रिकामं पडलं. इकडे आमची मुग्धा फिजिओथेरपिस्ट झाली. दुसऱ्याच्या दवाखान्यात किती दिवस राबायचं, धुळ्यात आपलं स्वतःचं सेंटर हवं, असं तिच्या मनात होतं. जागाही पाहून ठेवली होती. तेव्हा मी आणि माझ्या बायकोनं, सुनंदानं, ठरवलं, मेहरूणचं घर काढायचं. कुणीतरी नानांचं नाव सांगितलं.

*

नानांचं ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. एक टेबल, चार खुर्च्या, मोराचं चित्र असलेलं कॅलेंडर. एकाही घराचा फोटो नाही. नाना साठीच्या पुढचे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं.

मी बसल्या बसल्या विचारलं, "नाना, किती दिवसांत जाईल घर?"

"तुम्ही राहिलात कधी तिथे?"

"मी? नाही हो. भाड्यानंच होतं. इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेलं."

"मग एक दिवस राहून या."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. "राहून कशाला? विकायचंय मला."

"पार्टी विचारेल, दुपारी ऊन कुठून येतं. मालकालाच माहीत नाही, तर मी काय सांगू? राहून या, मग बोलू."

आता एजंट म्हटलं की तो मालकाच्या मागे लागतो. इथे एजंटच परत पाठवत होता! पण सुनंदाला मजा वाटली. "जाऊ या हो. आपलंच घर आहे, आणि आपण साधी चटईही टाकली नाही तिथे कधी." मग एका रविवारी दुकान बंद असताना चटई, डबा, पाण्याचा कॅन घेऊन आम्ही सकाळीच पोहोचलो.

तो दिवस मला अजून आठवतो. आपल्याच घरात आम्ही पाहुण्यासारखे इकडेतिकडे बघत होतो. नळ सोडला तर पाणी यायच्या आधी तो चांगला खाकरला. चारच्या सुमारास मागच्या खोलीची भिंत इतकी तापली की सुनंदा म्हणाली, "हिच्यावर पापड भाजेल." आणि ऊन कलल्यावर तलावावरून असा काही वारा आला की घरातली सगळी दारं धाडधाड आपटायला लागली. सुनंदा जिन्यात बसून चहा पीत होती, ती एकदम ओरडली, "अहो, इकडे या!" जिन्याच्या खिडकीतून, दोन बिल्डिंगच्या मधून, तलावाचा एक तुकडा दिसत होता. त्यावर बगळे उतरत होते. इतकी वर्षं ते आमच्या मालकीचं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता!

दुसऱ्या दिवशी नानांना फोन केला. "नाना, मागची भिंत तापते. नळ खाकरतो. संध्याकाळी दारं आपटतात. आणि जिन्यातून तलाव दिसतो."

नाना म्हणाले, "आता झालात मालक. आता विकू!"

*

फोटोंचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. मोबाईलमध्ये ते वाइड का काय असतं, ते लावून कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकवून हॉलचा फोटो काढला. काय फोटो आला म्हणून सांगू! मंगल कार्यालय वाटत होतं. ऑनलाइन जाहिरात टाकली, 'प्रशस्त हॉल' असं लिहिलं.

पहिलीच पार्टी भुसावळची. नवरा-बायको, त्यांची दोन मुलं आणि म्हातारे वडील. सगळे आत आले, उभे राहिले. म्हातारबाबा दमले होते, त्यांना एक प्लास्टिकची खुर्ची दिली. त्या गृहस्थांनी स्वयंपाकघर बघितलं, मागची खोली बघितली, वर जाऊन आले. मग माझ्यासमोर उभे राहून अगदी सभ्यपणे विचारलं, "बाकी ठीक आहे. हॉल कुठंय?"

मी नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते. शेवटी खुर्चीतून म्हातारबाबाच बोलले, "आरे भो, हाऊच हॉल शे!"

पार्टी गेल्यावर नानांनी माझ्याकडून सगळे फोटो डिलीट करून घेतले. मग स्वतः रस्त्यावर जाऊन एकच फोटो काढला. बंद गेटचा. फक्त गेट!

"नाना, ह्यात घर कुठे दिसतंय?"

"दिसत नाहीच."

तो फोटो टाकला आणि फोन सुरू झाले. पहिल्याच माणसानं विचारलं, "ओ नाना, गेटच्या मागे काही आहे की नाही?" नाना म्हणाले, "या की बघायला!" आणि तो आलाही.

*

मध्येच हा एक बारकासा सांगतो. नाना वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. एकदा गाडीत सुनंदानं विचारलं, "नाना, तिथे तुम्ही नेमकं काय करायचात?"

"ते सांगायचं नसतं, ताई."

"अहो, पण आता रिटायर होऊन किती वर्षं झाली!"

नाना थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "खरंय. आता तर आठवतही नाही. मग कसं सांगणार?"

पुढे एका पार्टीनं नानांना बाजूला घेऊन विचारलं, "मालक शेवटी कितीला सोडेल, खरं सांगा." मी लांबून बघत होतो. नानांनी अगदी तोच चेहरा केला.

*

नानांची भाषा आम्हाला कळायला वेळ लागला. 'पार्टी गरम आहे', 'पार्टी थंड पडली', 'पार्टीला थोडं शेकायला ठेवलंय' असं ते बोलायचे. मला हळूहळू सवय झाली. सुनंदाला नव्हती.

एरंडोलच्या एका गृहस्थांना घर फार आवडलं होतं. टोकन द्यायला येतो म्हणाले होते. त्या दिवशी मी गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतो, म्हणून नानांचा फोन दुकानात बसलेल्या सुनंदानं घेतला.

"ताई, साहेबांना निरोप द्या. एरंडोलची पार्टी गेली."

"अगंबाई! कधी?"

"आज सकाळी."

"आजारी होते का हो?"

"छे! काल चांगले होते. माझ्याशी हसून बोलले, चहा घेतला. रात्री बायको काहीतरी बोलली म्हणे. सकाळी गेले."

सुनंदा स्टुलावर बसली. "वय काय असेल?"

"असेल पन्नाशी. ताई, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. माझ्या ह्या महिन्यात चार गेल्या."

मी आतून बाहेर आलो तेव्हा हिचे डोळे भरलेले. "अहो, ते एरंडोलचे भाऊ गेले! किती चांगले होते, माझ्या हातच्या चिवड्याची तारीफ केली होती. आपल्याला भेटून यायला हवं." परवा तर माणूस आमच्या जिन्यात उभा राहून बगळे बघत होता! मी लगेच नानांना फोन लावला. आवाज खाली आणून विचारलं, "नाना, अंत्यविधी किती वाजता आहे?"

नाना म्हणाले, "कुणाचा?"

"एरंडोलच्या पार्टीचा."

"अहो साहेब, ते रिंग रोडला दुसरं घर बघताहेत!"

*

एवढ्या पार्ट्या येत होत्या आणि कुठे काय बिनसत होतं ते कळेना. एक दिवस मी गेटपाशी उभा होतो, तेव्हा उलगडा झाला. शेजारच्या अंगणात आबा झोपाळ्यावर बसलेले असायचे. घर बघून बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाला ते बोलावून घ्यायचे, पाणी द्यायचे आणि सांगायचे, "घर चांगलं आहे. पण गच्ची गळते."

गच्ची गळत नव्हती! दोन पावसाळे भाडेकरूनं तक्रार केली नव्हती. मी तापलो. "नाना, ह्या म्हाताऱ्याला घर स्वस्तात लाटायचंय. मी जाऊन विचारतो."

"तुम्ही नका जाऊ. मी जातो." नाना गेले आणि झोपाळ्यावर आबांच्या शेजारी जाऊन बसले. झोपाळा हलत राहिला. मी गेटआडून बघत होतो. चहा आला. मग काकू, म्हणजे आबांच्या सौभाग्यवती, बाहेर आल्या. मग नाना आणि काकू दोघंही मागच्या बाजूनं कुठेतरी गायब झाले. मग मला आमच्याच गच्चीवरून नानांची हाक आली, "साहेब, वर या!"

वर जाऊन बघतो तर काय! आमच्या गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनी धुतलेली साडी अंथरलेली आणि तिच्यावर बिबड्या वाळत घातलेल्या. ज्वारीच्या पापडांसारख्या, लसूण-तीळ घातलेल्या, एकासारखी एक. काकू कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभ्या. दोन घरांच्या मधली भिंत गुडघ्याएवढी. काकू कित्येक उन्हाळे ती ओलांडून येत होत्या. त्यांच्या गच्चीवर समोरच्या उंच बिल्डिंगची सावली पडते. आमच्या गच्चीवर सकाळपासून ऊन.

"भाडेकरू काही म्हणत नव्हते," काकू म्हणाल्या. "नवीन मालक कोण येतो, कसा येतो, म्हणून ह्यांनी ते गळण्याचं काढलं. मी म्हटलं होतं ह्यांना, खोटं नका बोलू."

माझा राग कुठच्या कुठे गेला. खरं तर हसू येत होतं. पण घर विकायचं होतं, त्याचं काय? नानांनी तोडगा काढला. तेव्हापासून ते प्रत्येक पार्टीला गच्चीवर नेऊन आधीच सांगायला लागले, "उन्हाळ्यात ही गच्ची शेजारच्या काकूंच्या बिबड्यांची. चालेल?" मला वाटलं, आता काय घर विकलं जात नाही! पण पहिल्याच बाईनं विचारलं, "मग आमच्या पण टाकून देतील का त्या सोबत?"

आबा त्यानंतर झोपाळ्यावरून लोकांना सांगायचे, "गच्ची? एक नंबर!"

*

एक रिटायर्ड जोडपं दर रविवारी संध्याकाळी यायचं. काका-काकी दोघंही नीटनेटके, काकींच्या केसांत गजरा. घर बघायचे, जिन्यात थांबायचे, 'इथे टीव्ही, इथे दिवाण' असं एकमेकांना सांगायचे. पुढच्या रविवारी परत. मला वाटलं, हेच घेणार. मी चहाच्या सोबत बिस्किटंही आणायला लागलो.

चौथ्या की पाचव्या रविवारी मी धीर करून विचारलं, "काका, मग काय विचार?"

"कसला?"

"घराचा."

काका-काकींनी एकमेकांकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "अहो, आम्हाला घर आहे. गणेश कॉलनीत. छान आहे."

"मग हे?"

"आम्ही बघतो फक्त," काका म्हणाले. "रविवारी पिक्चर बघायचं सोडलं आम्ही. त्यापेक्षा हे बरं. माणसं कशी राहतात, कुठे देव मांडतात, कुठे लोणच्याच्या बरण्या ठेवतात... तुमचं घर रिकामं आहे, त्यामुळे जरा कमी मजा येते. पण जिना चांगला आहे."

ते गेल्यावर मी नानांवर चिडलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मीच फोन करतो त्यांना, नवीन घर आलं की."

"पण ते घेत नाहीत!"

"ते घेत नाहीत. पण सगळ्या जळगावात सांगतात."

खरंच, ज्यांनी शेवटी घर घेतलं त्यांना आमचा जिना कुठे कळला? काकींच्या भजनी मंडळातून.

*

शेटजींचा किस्सा तर मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. नानांनी सांगितलं होतं, "डाळ मिलवाले एक शेटजी आहेत. घर बघून गेले. काही बोलले नाहीत. गप्प पार्टी म्हणजे पक्की पार्टी असते."

त्या आठवड्यात माझ्या दुकानात एक वयस्क मारवाडी गृहस्थ आले. डोळे तपासले, जवळचा नंबर बदललेला. एक फ्रेम हातात घेतली आणि भाव करायला बसले. मी सांगितलं, "काका, एकच भाव आहे." त्यांनी विचारलं, "नेहमीचं गिऱ्हाईक झालो तर?" मी म्हटलं, "तरी एकच." त्यांनी घरची चौकशी केली, मुलीचं विचारलं, दुकान किती वर्षांचं ते विचारलं. मीही गप्पा मारल्या. परत फ्रेमवर आले. मी हसून परत तेच सांगितलं. शेवटी त्यांनी चष्मा घेतला, पूर्ण पैसे दिले, 'राम राम' केला आणि गेले. मला माणूस आवडला.

चार दिवसांनी नानांचा फोन. शेटजी बोलणी करायला येताहेत, या. मी आणि सुनंदा जळगावला गेलो. झेरॉक्सच्या मागच्या त्या खोलीत शेटजी आमची वाट बघत बसलेले. डोळ्यांवर माझ्या दुकानातला चष्मा!

"तुम्ही?"

"हो. घर बघितलं होतं. मालक बघायचा राहिला होता."

मी खूश झालो. म्हटलं, ओळख झालीच आहे, आता काम सोपं. "मग काय, शेटजी? घर आवडलं?"

"घर चांगलं आहे. माणूस पण चांगला आहे." शेटजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "पण भाईसाब, जो एका फ्रेमवर काही सोडत नाही, तो घरावर काय सोडणार?" आणि हात जोडून उठले.

सुनंदा माझ्याकडे बघतेय, मी नानांकडे. नाना म्हणाले, "असू द्या. तुमचा एक चष्मा तर खपला!"

*

शेवटी घर घेतलं ते गोकुळभाऊंनी. चोपड्याकडचे, पार सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले. जळगावात पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. गावाकडे अक्का, म्हणजे त्यांच्या आई, एकट्याच. त्यांना आता इकडे आणायचं होतं. अक्का मात्र यायला तयार नव्हत्या. नानांनी गोकुळभाऊंना स्पष्ट सांगितलं, "अक्कांना घेऊन या. त्यांच्याशिवाय मी कुलूप उघडणार नाही."

गोकुळभाऊ अक्कांना घेऊन आले, आणि सोबत वास्तूचं बघणारे एक गृहस्थही. त्या गृहस्थांनी मोबाईलवर होकायंत्र काढलं. गोकुळभाऊंनीही आपल्या मोबाईलवर काढलं. दोघांची उत्तर दिशा वेगवेगळी! मग माझा मोबाईल मागितला. त्यात तिसरीच. गृहस्थ म्हणाले, "इथल्या ग्रिलच्या लोखंडामुळे होतंय," आणि दिशा शोधत शोधत गेटच्या बाहेर, मग रस्त्याच्या पलीकडे गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

अक्का आमच्यासोबत नव्हत्या. मी परत आत आलो, तर त्या स्वयंपाकघरात एकट्या, ओट्यासमोर उभ्या. नऊवारी नेसलेल्या, हात ओट्यावर, जणू पोळ्या लाटताहेत. खिडकीतून बाहेर बघत होत्या. समोरून एक रिक्षा गेली, भाजीवाला गेला, दोन मुली स्कूटीवर गेल्या. अक्कांची मान त्यांच्यासोबत इकडून तिकडे.

तेवढ्यात ते गृहस्थ आले आणि गंभीरपणे म्हणाले, "स्वयंपाकघराची दिशा जरा अडचणीची आहे. ओटा फिरवावा लागेल."

गोकुळभाऊंचा चेहरा पडला. माझाही पडला. मुग्धाच्या सेंटरची जागा दुसऱ्याकडे जाईल म्हणून आम्ही आधीच टेकीला आलेलो. आणि अक्का मागे न बघताच बोलल्या, "ओटाले कोन्ही हात लावाना नही!"

"अक्का, पण दिशा..."

"दिशा ऱ्हाऊ दे तुन्ही. सयपाक करता करता माले रस्ता दिखाले जोयजे. कोन ऊना, कोन गया, बठ्ठं समजाले जोयजे! गावले काय दिखस माले? डोंगर. तो काय कथा जास?"

डोंगर कुठे जातो! वास्तूवाले गृहस्थसुद्धा हसले. गोकुळभाऊंनी विचारलं, "मग येशी ना ऱ्हावाले?" अक्का खिडकीतून हलल्याच नाहीत. "मी तर उनू ना आते!"

म्हणजे आल्याच! त्याच संध्याकाळी टोकन झालं.

*

आता घर विकून झालंय. मुग्धाचं सेंटर सुरू आहे, सकाळी पेशंटची रांग असते. अक्का खिडकीत असतात. सगळं ठीक झालं. पण रजिस्ट्रीच्या दिवशी जे झालं, ते मी लग्नाच्या पंगतीतही सगळ्यात शेवटी सांगितलं.

घर माझ्या आणि सुनंदाच्या, दोघांच्या नावावर होतं. धुळ्याहून निघाल्यापासून सुनंदा गप्प. एरवी ती रस्ताभर बोलते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही." एरंडोल गेलं, तरी काही नाही.

रजिस्ट्री ऑफिसात ही गर्दी. नाना, गोकुळभाऊ, साक्षीदार, आम्ही दोघं. नंबर लागला. आत टेबलापलीकडे एक मॅडम, चांगल्या हसतमुख. कागद बघितले, गोकुळभाऊंना विचारलं, मला विचारलं. मग सुनंदाकडे वळल्या. "ताई, राजीखुशीनं विकताय ना? कुणाचा दबाव वगैरे नाही ना?"

हा प्रश्न त्या दिवसभर सगळ्यांना विचारत असतील. कुणी 'नाही' म्हणतं, कुणी नुसती मान हलवतं. सुनंदा म्हणाली, "आहे ना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मागे रांगेत बोलणारे लोक बोलायचे थांबले. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, आणि तिथले सगळेच बघायला लागले!

"घाबरू नका, ताई. यजमानांचा दबाव आहे का?"

"नाही हो. ते बिचारे काय करणार! ह्या नानांचा."

मॅडम हसल्या. त्या नानांना ओळखत होत्या. "अहो ताई, ते एजंट आहेत. विका, विका म्हणून मागे लागणारच ते."

"विका म्हणून कुठे? विकू नका म्हणून मागे लागलेत! टोकन झाल्यापासून फोन करताहेत. परवा केला, काल केला. 'ताई, अजून विचार करा. त्या पार्टीला मी दुसरं घर दाखवतो. जिन्यात बसून चहा प्यायल्याचं तुम्ही सांगितलंत, तेव्हाच मी काय ते ओळखलं.' आता मुलीच्या सेंटरसाठी विकतोय, मन घट्ट करून आले, तर हे असे फोन! मग दबाव नाही तर काय?"

मी नानांकडे बघितलं. मॅडमनी बघितलं. साक्षीदारांनी बघितलं. पण सगळ्यात मोठे डोळे झाले होते गोकुळभाऊंचे.

"नाना! अहो, मला तर तुम्ही काल संध्याकाळी म्हणालात, डोळे मिटून घ्या, असं घर परत मिळायचं नाही!"

नानांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं आणि सुनंदाच्या हातात दिलं.

"मग? दोघांनाही खरंच सांगितलं!"